एकसारख्या बरण्या

मार्लीन मूळची त्राबलुस शहरातली, समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. नवऱ्याला, फारिसला, कुवेतमध्ये नोकरी लागली तेव्हा असं ठरलं की तिकडे त्याचा जम बसेपर्यंत तिने आणि लहानग्या मीरेयने गावी सासूजवळ राहायचं. गाव म्हणजे आमचं, कूरा भागातल्या टेकड्यांवर जैतुनांच्या बागांत बसलेलं. सासूला सगळं गाव थोरल्या मुलाच्या नावाने उम्म फारिस, म्हणजे फारिसची आई, म्हणतं.

उम्म फारिस तोंडाने फटकळ, पण सुनेच्या ताटात चांगला तुकडा आधी वाढणारी बाई. दोघींचं वाजलं असं कधी झालं नाही. मार्लीनला त्रास होता तो कोठीचा.

आमच्याकडे प्रत्येक घरात वर्षाच्या बेगमीची एक खोली असते. उम्म फारिसची ती जिन्याखाली होती, बिनखिडकीची. फळ्यांवर डबे, डब्यांवर पुडकी, पुडक्यांवर बाटल्या. डाळिंबाचा आटवलेला रस दारूच्या बाटलीत आणि दारू पाण्याच्या बाटलीत. झातरचा वाळवलेला पाला उशीच्या अभ्र्यात. हलव्याच्या डब्यात शर्टाची बटणं, बिस्किटांच्या डब्यात वाळवलेली भेंडी. उम्म फारिस वीज गेलेली असताना आत जायची आणि हवी ती वस्तू घेऊन यायची. मार्लीन मात्र टॉर्च घेऊन गेली तरी रिकाम्या हाताने परत यायची, नाहीतर चक्क्याच्या गोळ्यांची बरणी कोपराने पाडून यायची.

"काय शोधतेस?" सासू बाहेरून विचारायची.

"जिरं."

"कॉफीच्या डब्यात बघ. लाल नव्हे, पिवळ्या."

"पिवळ्यात साखर आहे."

"मग त्याच्या मागच्या पिवळ्यात."

मार्लीनचा स्वभाव मुळातच धास्तीचा. गॅस बंद केला की दोनदा हात लावून बघणारी, मुलगी शाळेतून यायला जरा उशीर झाला की गच्चीवर जाऊन उभी राहणारी. त्या खोलीत पाऊल टाकलं की आपण या घरात पाहुण्या आहोत असं तिला वाटायचं. प्रत्येक गोष्टीला सासूला हाक मारायची, आणि सासू नसली तर हात बांधून बसायचं. शिवाय त्या खोलीत उंदीर असणार, याची तिला खात्री होती.

जैतुनांची तोडणी संपली आणि उम्म फारिसच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिची मुलगी नवाल शहरात राहते, ती आईला घेऊन गेली. तपासण्या पूर्ण होईपर्यंत आईने तिथेच राहायचं होतं. घरात मार्लीन आणि मीरेय दोघीच राहिल्या, आणि मार्लीनने पदर खोचल्यासारख्या बाह्या वर केल्या.

ती शहरातल्या बाजारातून बरण्या घेऊन आली. सगळ्या एकाच मापाच्या, जाड काचेच्या, पांढऱ्या झाकणांच्या. फळ्या पुसल्या, भिंतीला चुना लावला, जुने कागद जाळले. मग हातात भांडी घासायचे रबरी मोजे चढवून एकेक डबा उघडत गेली. चणे, मसूर, गव्हाचा बुरगुल, सुमाकची आंबट पूड, तीळ. जे ओळखू येईल ते बरणीत ओतायचं, बरणीवर चिठ्ठी चिकटवायची, डबा बाहेर टाकायचा. फोन समोरच्या फळीवर टेकवून ठेवला होता. त्यावर फारिस कुवेतहून बघत होता.

"आईला विचारलंस का?" तो म्हणाला.

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या."

"म्हणजे नाही विचारलंस."

"घरी येतील तेव्हा डोळे नवे आणि कोठीही नवी. खूश होतील, बघ तू."

"आईला मी जास्त वर्षं ओळखतो," फारिस हसून म्हणाला. पण तोही म्हणाला की खोली ओळखू येत नाही, छान दिसतेय.

साखर तिला तीन ठिकाणी सापडली. एक पोतं, एक कॉफीचा पिवळा डबा आणि एक जुनी किटली. सासूबाईंनी टंचाईच्या दिवसांत जिथे जागा मिळेल तिथे साखर कोंबून ठेवली असणार, असं तिने फारिसला सांगितलंही. मग अगदी खालच्या फळीवर, जुन्या तेलाच्या कॅनमागे तिला दुधाच्या पावडरचा एक डबा मिळाला, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला. उघडला तर आत पांढरे दाणे. त्याच वेळी मीरेय न्हाणीघरातून टॉवेलसाठी ओरडत होती आणि फोनमध्ये फारिस विचारत होता की बटणांचं काय केलंस. मार्लीनने डबा बरणीत उपडा केला, झाकण लावलं, चिठ्ठीवर साखर असं लिहिलं आणि टॉवेल घेऊन पळाली. रिकामा डबा संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत गेला.

संत बार्बाराच्या सणाच्या आदल्या दिवशी शेजारची वदाद आली. वदाद विधवा, मुलगी लग्न होऊन बैरूतला. तिच्या अंगणात दरवर्षी त्या दिवशी मोठ्या पातेल्यात बुर्बारा शिजतो, म्हणजे गहू, साखर, बेदाणे, बडीशेप, वरून डाळिंबाचे दाणे. संध्याकाळी पोरं मुखवटे चढवून, मोठ्यांचे कपडे घालून घरोघर फिरतात आणि शेवटी तिच्याकडे वाटीभर खाऊन जातात. मुलगी लहानपणी मोठ्या आजारातून उठली तेव्हापासूनचा तिचा हा नवस.

"साखर आहे का गं?" ती दारातूनच म्हणाली. "दुकानात खडखडाट. अबू जमील म्हणतो परवा येईल. परवा काय करू तिचं, माझ्या मयताला वाढू?"

"खाला, काहीतरीच बोलता. या आत."

वदाद कोठीच्या दारात उभी राहिली आणि बघतच राहिली. "औषधाचं दुकान काढलंस की काय?"

"आवडलं?"

"आवडलं म्हणजे! माझ्या कोठीत शिरायचं तर आधी पाद्रीबाबांना बोलवून प्रार्थना म्हणवून घ्यावी लागते." तिने एका बरणीवरून बोट फिरवून धूळ लागते का ते पाहिलं. "उम्म फारिसने पाहिलं का?"

"उद्या येतायत."

"मग मी उद्या दार लावून घेते. आरडाओरडा सोसत नाही मला."

दोघी हसल्या. मार्लीनने साखरेच्या ओळीतल्या पुढच्या दोन बरण्या उचलून तिच्या हातात दिल्या. "तुझ्या हातांना सुख लाभो," असं म्हणत वदाद त्या छातीशी धरून गेली. त्या रात्री मार्लीन बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नवालने आईला आणून सोडलं आणि काळोखाच्या आत घाट उतरायचा म्हणून ती लगेच परत फिरली. उम्म फारिसच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मीरेयने आजीचा मुका घेतला आणि मुखवटा लावून पोरांच्या टोळीबरोबर पळाली. मार्लीनने कॉफी केली. मग सासूचा हात धरून तिला कोठीपाशी नेलं आणि दिवा लावला.

चष्मा वर करून उम्म फारिसने एकेक फळी पाहिली. एक बरणी उचलली, डोळ्यांजवळ नेली, परत ठेवली.

"चांगलं केलंस," शेवटी ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "माझं काही मला सापडायचं नाही, पण चांगलं केलंस."

"सगळ्यांवर चिठ्ठ्या आहेत, आई."

"डॉक्टरने महिनाभर वाचायचं नाही म्हणून सांगितलंय." ती वाकली आणि खालच्या फळीवर हाताने चाचपू लागली. "तेल आहे ना जुनं? आहे. पुढच्या आठवड्यात साबण घालायला हवा. माझा दुधाचा डबा कुठे ठेवलास?"

"कुठला?"

"इथला. तेलामागचा. पिशवीत बांधलेला."

"तो होय. तो गंजला होता, टाकला मी. साखर काढून घेतली त्यातली."

उम्म फारिस वाकलेली होती ती सरळ झाली. "कसली साखर?"

"डब्यातली."

"अगं, त्यात साखर नव्हती. साबण करायचा कॉस्टिक सोडा होता तो."

मार्लीनने नंतर सांगितलं की ते शब्द तिला ऐकू आले, पण समजले नाहीत. तिने फळीला धरलं. वरच्या बरण्या एकमेकींवर किणकिणल्या.

"कुठे ओतलंस?" सासूने विचारलं.

"बरणीत."

"कुठल्या?"

साखरेची चिठ्ठी असलेल्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांत पांढरे दाणे. पाहून सांगणं शक्य नव्हतं. मार्लीनने एक उघडून बोट आत घालायला नेलं तर सासूने मनगटावर फटका मारला.

"हात नको लावूस. पेले आण. पाणी घाल आणि चमच्याने थोडं थोडं टाक. ज्याचा पेला गरम होईल तो."

मार्लीनने ओट्यावर पेले मांडले, प्रत्येकात एकेका बरणीतला चमचा टाकला आणि हाताचा पंजा काचेला लावून उभी राहिली. पहिला पेला थंड. दुसरा थंड. उम्म फारिसही पलीकडून हात लावून बघत होती. शेवटचा पेला मार्लीनने दोन्ही हातांत धरला. गरम व्हावा अशी ती देवाची करुणा भाकत होती. तोही थंडच होता.

"मग गेलं कुठे?" सासू म्हणाली. "आणखी साखर कुठे ठेवलीस?"

मार्लीनने पेला खाली ठेवला. "वदादखालाला दिली," ती म्हणाली. "काल. दोन बरण्या."

उम्म फारिसने खिडकीकडे पाहिलं. बाहेर पोरांचे डबे वाजवल्याचे आवाज येत होते. "आज बार्बारा आहे," ती म्हणाली. "फोन लाव."

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. अंगणात पातेल्यापाशी असली म्हणजे वदादचा फोन आत गादीवर पडलेला असतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. "पळ," उम्म फारिस म्हणाली. "मी लावत राहते. पळ, पोरी."

वदादचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला आहे. एरवी बोलत बोलत गेलं तरी चटकन येतं. मार्लीन घरातल्या सपाता घालूनच धावली. चढावर सगळीकडे पोरं होती. कोणी आजोबांचा कोट घातलेला, कोणी तोंडाला काजळी फासलेली, कोणी डोक्यावर चादर ओढलेली. तिची मुलगी त्यांतच कुठेतरी होती. मीरेयने मांजरीचा मुखवटा लावलाय एवढं तिला आठवत होतं, आणि मांजरीचे मुखवटे तर बऱ्याच जणींना होते, कारण अबू जमीलकडे दुसरे आलेच नव्हते. तिने एका पोरीचा मुखवटा ओढून काढला. ती दुसऱ्या कुणाची होती आणि घाबरून रडायला लागली. दुसरीचा काढला.

"मीरेय कुठे आहे?"

"वर गेली. खायला," मुखवट्याच्या आतून उत्तर आलं. "आम्ही खाऊन आलो."

"खाऊन आलात? तोंड उघड. उघड तोंड."

त्या पोरीने जीभ बाहेर काढली. जीभ गुलाबी, वर डाळिंबाचा एक दाणा चिकटलेला. मार्लीनने त्यातून काही समजून घेण्याचा प्रयत्न केला आणि पुन्हा धावत सुटली. एका सपातीचा पट्टा तुटला, तेव्हा तिने ती तिथेच सोडली.

फाटकाशीच मीरेय उंबऱ्यावर बसलेली दिसली. मुखवटा कपाळावर, मांडीवर रिकामी वाटी, बोटं चाटत होती.

"खाल्लंस?" मार्लीनने तिला दोन्ही खांद्यांना धरलं. "घसा दुखतोय? पोट दुखतंय? बोल."

"आई, दुखतंय," मीरेय म्हणाली. मार्लीनची पकड आणखी घट्ट झाली. "खांदा दुखतोय. सोड ना."

आत अंगणात आवाज चढले होते. मार्लीन मुलीला उचलून आत गेली. चुलीवरचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं काळपट फेसाने उतू जात होतं आणि फेस चर्र करत विस्तवावर सांडत होता. उग्र वास येत होता. चार-पाच बाया मागे सरकून उभ्या होत्या. वदाद विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि बोटांमधून लाळ गळत होती. पायाशी डाव पडला होता. चुलीशेजारी दोन बरण्या, दोन्ही रिकाम्या.

झालं होतं ते असं. पहिल्या बरणीने पातेलं गोड झालं आणि पोरांच्या पहिल्या तांड्याने ते जवळजवळ संपवलं. मग वदादने उरल्यात उकडलेला गहू आणि पाणी वाढवलं आणि दुसरी बरणी रिकामी केली. पातेलं फसफसलं. गहू आंबला की काय म्हणून तिने डावाच्या टोकाने थोडं तोंडात घेऊन पाहिलं.

"अबू जमीलने जुना गहू गळ्यात मारला," एक बाई म्हणत होती. "कीड मारायचं औषध लावलेला असणार. मी सांगत होते."

"त्याच्या दुकानात जाऊन जाब विचारा."

"आधी हिला बघा. लिंबू आणा, लिंबू पिळा तोंडात. नाहीतर बोटं घालून उलटी करवा."

कोणीतरी लिंबू आणायला आत गेली. मार्लीन फाटकाच्या आत उभी होती. तिच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेने सुटून गळून पडल्या होत्या. पुढे कधीतरी तिने स्वतःच सांगितलं, की त्या क्षणी तिला घरी जायचं होतं. मुलीला कडेवर घ्यायचं, घरी जाऊन दार लावायचं, सामान बांधायचं आणि शहरात आईकडे जायचं. गहू वाईट होता, असं सगळे म्हणतच होते.

मग आतून लिंबू घेऊन बाई बाहेर आली आणि मार्लीन ओरडली, "लिंबू नको. काही घालू नका तिच्या तोंडात."

सगळ्या वळल्या.

"गहू नाही वाईट," ती म्हणाली. "साखर नव्हती ती. साबणाचा कॉस्टिक आहे. मी दिलेल्या बरणीत होता. मला माहीत नव्हतं. मी दिला."

मग एका पोरसवदा बाईने रुग्णवाहिकेला फोन लावला, आणि पलीकडून जे सांगितलं गेलं ते ती मोठ्याने म्हणत गेली. भरपूर पाण्याने चुळा भरवा. गिळू देऊ नका. उलटी करवू नका. लिंबू, व्हिनेगर काही नको. मार्लीनने विहिरीचं पाणी शेंदलं. ती वदादसमोर गुडघ्यांवर बसली आणि पेल्यामागून पेला तिच्या तोंडाशी धरत राहिली. वदादचे ओठ पांढरे पडून सुजले होते. ती चूळ भरायची, थुंकायची आणि मार्लीनकडे बघायची. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि मार्लीनला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"पोरांनी किती खाल्लं? पोरांनी कुठल्या बरणीतलं खाल्लं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"पहिल्या," बाया सांगत होत्या. "पहिल्यातलं. सगळी खाऊन गेली, कोणाला काही झालं नाही."

"खात्री आहे?"

"अगं, आहे ना."

पण तिला खात्री वाटत नव्हती. रुग्णवाहिका वदादला घेऊन गेली. चूल विझवून पातेलं झाकून ठेवलं, कोंबड्यांनी तोंड घालू नये म्हणून वर दगड ठेवला. तेवढ्यात उम्म फारिस काळा चष्मा लावून, भिंतीला धरत धरत चढ चढून आली. ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली.

"डबा माझा होता," ती म्हणाली. "दुधाच्या डब्यात मी ठेवला होता. कोणाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

कोणी बोललं नाही, निदान तिच्या तोंडावर नाही.

घरी आल्यावर मात्र दोघी बोलल्या. मीरेय झोपली होती आणि मार्लीन तिच्या उशाशी बसून श्वास मोजत होती.

"एक शब्द विचारायचा होतास," उम्म फारिस दारातून म्हणाली. "फोन होता, मी होते. आई, यात काय आहे, एवढंच."

"दुधाच्या डब्यात कोण विष ठेवतं, आई?"

"जिला माहीत आहे ती ठेवते."

"आणि मी? मला कसं माहीत असणार? मीरेयला कसं माहीत असणार? ती त्या खोलीत लपाछपी खेळते."

उम्म फारिस पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि चादरीवरून नातीचं पाऊल हातात धरलं. "इतकी वर्षं घरात मीच एकटी," ती म्हणाली. "तुम्ही आलात, आणि मी तशीच वागत राहिले. एकटी असल्यासारखी."

मार्लीन रडली नाही. तिला रडू यायचं ते नंतर आलं, भलत्याच वेळी, भाजीवाल्यासमोर.

वदादचा घसा वाचला. तिने थुंकलं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. जीभ आणि खालचा ओठ भाजला होता. दवाखान्यातून तिची मुलगी क्रिस्टेल तिला थेट बैरूतला घेऊन गेली. मार्लीन फोन करायची तर क्रिस्टेल उचलायची आणि म्हणायची, "आई झोपली आहे." एकदा ती म्हणाली, "कशाला फोन करतेस? बरं वाटावं म्हणून? कोणाला, तिला की तुला?" त्यानंतर मार्लीनने फोन केला नाही. फारिसने नोकरी सोडून येतो म्हटलं, तेव्हा ती त्यालाच म्हणाली की येऊन काय करणार आहेस, राहा तिथेच.

बरण्या तिने रिकाम्या केल्या. कोठीतलं सगळं पुन्हा बाहेर काढलं. या वेळी सासू खुर्ची टाकून बसली आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन, हुंगून सांगत गेली. नवा कॉस्टिक आला तो घरात आलाच नाही, अंगणातल्या हत्यारांच्या खोलीत कुलपात गेला. पण तरी मार्लीनला धीर नव्हता. चहात साखर घालण्याआधी ती पेल्यात चमचाभर टाकून हात लावून बघायची, गरम होतं का. मिठाचंही तसंच. मीरेय बिनसाखरेचा चहा प्यायला शिकली. गावात कोणी वाईट वागलं नाही, पण मार्लीनने कुणाला वाटीभर काही पाठवलं तर वाटी तशीच झाकलेली परत येई, किंवा ती बाई हसून म्हणे, "आत्ताच जेवलो गं." तेव्हा तिने पाठवणंच बंद केलं. अबू जमीलच्या दुकानातही ती दुसऱ्या कोणाबरोबर जायची. तोच एकदा म्हणाला, "बाई, तुम्ही त्या दिवशी बोलला नसता तर माझं दुकान गेलं असतं." ती मान खाली घालून पिशवी उचलून निघून आली.

वदाद ईस्टरच्या आधी परत आली. उम्म फारिस पहिल्याच दिवशी जाऊन आली. मार्लीन गेली नाही. गच्चीवरून तिला वदादच्या घराची धुराडी दिसायची आणि ती तिकडे पाठ करून कपडे वाळत घालायची.

मग एका सकाळी वदादच फाटकात येऊन उभी राहिली. खालच्या ओठावर चकाकणारा वण होता आणि बोलताना स उच्चारायला जीभ अडखळत होती.

"लपतेस कोणापासून?" ती म्हणाली.

मार्लीन हातातला पिळा तसाच धरून उभी राहिली. "खाला," ती एवढंच म्हणाली.

"क्रिस्टेल बोलली ना तुला? बोलू दे. आईची लेक आहे, तिने बोलायलाच हवं. मीही बोलले तुला, मनातल्या मनात, तिथे पडल्या पडल्या. काय काय बोलले ते विचारू नकोस." वदादने बसायला दगड शोधला आणि बसली. "घरी आले आणि कोठी उघडली. अगं, काय सांगू. माझ्याकडेही कॉस्टिक आहे. दोन वर्षांपूर्वी आणलेला. कशात ठेवलाय ते आठवत नाही."

मार्लीनने हातातला पिळा खाली ठेवला.

"तेव्हापासून कोठीत पाऊल ठेवलेलं नाही," वदाद म्हणाली. "कॉफीसुद्धा शेजारून आणून पिते. तू चल आणि लावून दे मला."

"मी? नाही, खाला. मी नाही. दुसऱ्या कोणाला सांगा. मी हात नाही लावणार."

"दुसऱ्या कोणाला सांगू? त्या येतील, गप्पा मारतील, डबे उपडे करतील. इकडचं तिकडे." ती ओठावरून बोट फिरवत म्हणाली, "मला घाबरलेली बाई हवी आहे. तुझ्याइतकी घाबरलेली या गावात दुसरी नाही."

दारातून उम्म फारिस ऐकत होती. तिने खुंटीवरचे रबरी मोजे काढून पुढे धरले.

मार्लीन गेली. दुपारपर्यंत तिने वदादच्या कोठीत एकच फळी लावली. प्रत्येक डबा उघडायची, दाराशी उजेडात आणायची, विचारायची, आणि वदादला आठवलं नाही तर अंगणात पाण्याचा पेला भरून चमचाभर टाकून बघायची. वदाद खुर्चीत बसून कुरकुरत होती, की अशाने पुढचा बार्बारा येईल, आणि मधूनच विचारत होती, "हा पाहिलास? नीट पाहिलास?" एका मधाच्या डब्यातल्या दाण्यांनी पेला हळूहळू कोमट होऊ लागला, तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मार्लीनने पेला कट्ट्यावर ठेवला. मग डब्याचं झाकण तिने घट्ट लावलं.